हजारात सात

कुशिरोला जुलैत धुकं येतं
तेव्हा बंदरावरचे दिवे दुपारीच लावतात.
अशा एका दुपारी वरच्या मजल्यावरचा रिकुतो
माझ्या दारात उभा,
मोबाइल छातीशी पालथा धरून,
जखम झाकावी तसा.

"आजोबा, तुम्हाला आकडे येतात ना?"
त्या खेळात एक चांदीची कोल्हीण आहे,
ती निघण्याची शक्यता हजारात सात.
शंभर सोडती काढून झाल्या,
आता तर जवळ आली असेल?

मी जूनचं पान फाडलं,
पाठकोऱ्या बाजूला लिहिलं:
न निघण्याची शक्यता, हजारात नऊशे त्र्याण्णव.
तिला तिनंच गुणायचं, पुन्हा तिनंच,
शंभर वेळा.
उरलं शेकडा साडेएकोणपन्नास.
म्हणजे तुझ्याएवढ्याच सोडती काढलेली
जवळजवळ निम्मी पोरं
आत्ता तुझ्यासारखीच कुणाच्या तरी दारात उभी आहेत.

"आणि सरासरी?"
एकशे त्रेचाळीस.
पण तिथवर पोचूनही शंभरातले छत्तीस-सदतीस
रिकाम्या हाताचेच.
सरासरी म्हणजे वचन नव्हे रे.

"मग मी शंभरदा हरलो, त्याचं काहीच नाही?"
काही खेळांत म्हणे दोनशेव्या खेपेला
हातात आणून देतात. ह्यात तसं नाही.
ह्याला तुझं तोंडही आठवत नाही.
दर वेळी पाटी कोरी.
एकशे एकावी सोडत ही पहिलीच सोडत.

त्याला बरं वाटावं म्हणून
मी माझ्या यंत्रांचं सांगितलं.
चौतीस वर्षं भरली मी ती:
हमामखान्याच्या दारात, फेरीच्या धक्क्यावर,
जाळी विकणाऱ्या दुकानाच्या पडवीत.
शंभर येनचं नाणं, कडकड फिरणारी मूठ,
खाली गडगडत येणारं कॅप्सूल.
एका यंत्रात पन्नास.
एकोणपन्नास बेडूक, एक निळा कासव.
तिथं पन्नासात एक, मग एकोणपन्नासात एक,
असं करत करत शेवटी एकात एक.
तिथं हरणं वाया जायचं नाही,
साठत जायचं.

रिकुतो म्हणाला, "किती सरळ होतं तेव्हा."

मी चहा ओतला.

कोझुएचं त्याला सांगितलं नाही.
जाळी विणणाऱ्याची पोर, दुसरीतली.
ती फक्त स्वतःच्या खेपा मोजत नसे,
सगळ्यांच्या मोजायची.
गणिताच्या वहीत पन्नास चौकोन,
कुणाचाही बेडूक निघाला की एक फुली.
सत्तेचाळीस फुल्या झाल्या त्या संध्याकाळी
भावाकडून तीनशे येन उसने घेऊन आली.
तिचा हिशेब बिनचूक होता.

कासव मात्र आत नव्हता.
भरायच्या दिवशी मिओचा वाढदिवस होता,
मी विसरलो होतो, दुकानं मिटलेली.
मी तो खिशात टाकला,
त्याच्या जागी एक बेडूक.

पन्नासावं उघडून तिनं रिकाम्या काचेला नाक लावलं,
आत पाहिलं,
मग वहीत पाहिलं,
मग माझ्याकडे.
किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात होता.
"मी कुठं चुकले?"
"मोजताना सुटलं असेल एखादं," मी म्हणालो.
आणि ती खोडरबर काढून तिथंच बसली,
पायरीवर,
पान फाटेपर्यंत खोडत.

कासव मिओनं आठवड्यात हरवला.

"हे हजारात सात," रिकुतो विचारत होता,
"खरंच असतील ना आत?"
बंदरावर धुक्याचा भोंगा वाजला, लांबलचक.
तो थांबेपर्यंत मला बोलायला नको होतं.
थांबल्यावर म्हणालो,
गुणाकार बरोबर आहे, तो पुन्हा करून बघ.
बाकीचं ज्यानं भरलंय त्याला माहीत.

त्यानं पान घडी करून खिशात घातलं.
जिन्यावर मध्येच त्याची पावलं थांबली,
मग कडकड असा आवाज आला,
मोबाइलमधला,
हुबेहूब मुठीचा.