एकशे दोन

मखमलाबादला आज केतकीचं डोहाळजेवण.
सकाळी सातलाच शकूआत्याला फोन लावला,
आधी उशीत तोंड खुपसून
दोनदा खोकून पाहिलं.
दुसरा जमला.

"अंगात कसकस आहे गं," म्हटलं,
आणि लगेच वाटलं, कसकस जरा जास्त झालं,
नुसता ताप पुरला असता.

आत्याला पटेना. म्हणाली, आईला दे.

आई तयार होती. मोतिया साडी, पिना लावून.
ओटीचा नारळ पिशवीत घालता घालता
तिनं हात माझ्या कपाळावर ठेवला.
कपाळ गार,
इंदिरानगरातल्या पहाटेच्या नळासारखं.
हात तिथंच राहिला. उगाच जास्त वेळ.

"हो वन्सं," ती फोनमध्ये म्हणाली,
"एकशे दोन आहे. रात्रभर कण्हत होती."
रात्रभर हे तिनं तिच्या पदरचं घातलं.
"छे हो, हिला टाकून मी तरी कशी येऊ?"

मग एकेक पिन काढून
बांगडीत अडकवत राहिली.

मागच्या खेपेला, ओझरला,
माझ्या हातातलं तबक कुणीतरी अलगद काढून घेतलं होतं,
तू बस गं, दमली असशील, असं म्हणत.
आई तेव्हा समोरच उभी होती.
ते आजही निघालं नाही.

दुपारी मऊ भात, मेतकूट.
"तापात लोणचं चालत नाही,"
म्हणाली, आणि वाढलं.

संध्याकाळी आत्याचा फोन: कसं आहे?
"उतरतोय. सावकाश."

मग पिशवीतला नारळ काढून
कानाशी हलवून पाहिला.
"पाणी आहे," म्हणाली.
"फोड."