तीनशे तेहेतीस

पोस्टाच्या पावतीमागे बोर्डाचा नंबर उतरवून नेला होता,
डबा उघडून, टॉर्च दातांत धरून, पेन्सिलीनं.
लॅमिंग्टन रोडच्या एका जिन्याखाली
कपाटाएवढ्या दुकानात सकीना बसते,
डोळ्याला घड्याळजीचं भिंग.
तिनं पावती वाचली. उलटून,
रजिस्टर कुणाला केलंय तेही वाचलं.

म्हटलं, सगळ्यात वेगवान द्या. चारशेची.
पैसे आणलेत.
ती म्हणाली, बस किती तुमची?

मला आधी बेस्टचीच आठवली,
धोबी तलावच्या सिग्नलला धुगधुगत उभी.
ते तोंडावर दिसलं असणार माझ्या.
बाई, ही बस म्हणजे गाडी नाय, रस्ता.
मेमरी पळते ती ह्या रस्त्यावरनं.
तुमचा रस्ता तीनशे तेहेतीसचा.
चारशेची लावा, चालेल, का नाय चालणार?
पण तीनशे तेहेतीसनीच चालेल.
वरचे पैसे पाण्यात.
आणि ही दोनशे सहासष्टची स्वस्त बघून घ्याल,
तर आतली जुनी पट्टी आहे ना,
ती पण पाय आखडून घेते.
मग दोघी हिच्याच चालीनं.

चारशेची पट्टी तिनं स्वतःच उचलली
आणि परत खणात टाकली.
गिऱ्हाईक तोडणारा दुकानदार
मी ह्या शहरात पहिल्यांदा पाहिला.

माझा वेग साठ शब्दांचा.
परीक्षेत सत्तर होता, त्याचं सर्टिफिकेट
अजून ट्रंकेत आहे.
कोठारे वकील सांगतात मिनिटाला वीस,
आणि अलीकडे
वीसही नाही.

फोर्टात तिसरा मजला, मागच्या बाजूला.
भाडेकरूंचे दावे, पागडीचे दावे,
वारलेल्या माणसांच्या नावानं चालू असलेले दावे.
वादीचे म्हणणे असे की,
आणि थांबतात.
पंखा फिरतो. खालून रसवाल्याचे घुंगरू.
पुढचं वाक्य मला ठाऊक असतं,
सोळा वर्षं तेच छत गळतं आहे.

एकदा, मार्चात, मी थांबले नाही.
सदरहू छत गळते, पूर्ण करून टाकलं.
ते उठून पडद्याजवळ आले,
चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
परक्या माणसाचं पत्र वाचावं तसं.
हे मी म्हणालो?
दिवसभर मग काहीच सांगितलं नाही त्यांनी,
नुसत्या फायली बांधत बसले,
सोडत, परत बांधत.

तेव्हापासून बोटं वर धरते.
कीबोर्डाच्या वर, वीतभर नाही,
चिमूटभर.
मनगटं दुखतात.
टायपिंग क्लासात हे शिकवत नाहीत.

पट्टी बसवताना खाच जुळेना, मी उलटी धरली होती.
मग चाप वाजले, एक इकडचा, एक तिकडचा.
बटण दाबलं तर लांब शिट्टी,
परत लांब, परत लांब,
आत कुणी नाहीच म्हणून टाहो फोडल्यासारखी.
काढली. सोनेरी दात खोडरबरानं घासले,
फुंकर मारली, अंगठे लाल होईतो दाबली.
एकच आखूड शिट्टी.
काळ्या पडद्यावर आकडे चढत गेले
आणि जुन्या-नव्याची बेरीज नीट आली.

कोठारे मागे उभे होते. पळेल ना आता?
पळेल, म्हटलं.
किती लागले?
वाचलेले तीनशे त्यांच्या टेबलावर ठेवले.
त्यांनी ते मोजले नाहीत, दौतीखाली सरकवले,
आणि खुर्चीत नीट बसून घसा साफ केला.

वादीचे म्हणणे असे की,
पंखा.
घुंगरू.
सदरहू छत,
माझी बोटं वर,
सदरहू छत गळत आले आहे.

गळते नव्हे.
गळत आले आहे.
मी तेच टाइप केलं.