तेव्हा

स्विंडनच्या वाचनालयात, मंगळवारी साडेसहाला,
रेडिएटरवर कुणाचे तरी ओले हातमोजे,
आणि पास्को बाई फळ्यावर लिहितात :
गौण वाक्य एकटं उभं राहत नाही.

जाती तीन. एक नामाच्या जागी जाऊन बसतं.
एक नामाला चिकटून त्याची ओळख सांगत राहतं.
तिसरं म्हणजे कधी, कुठे, का, जर, जरी,
त्याच्या चौकशा संपतच नाहीत.
बोगदान बस चालवतो. त्याचं उदाहरण :
जी बस उशिरा येते ती माझी.
वर्ग हसतो. मीही, जरा मागून.

माझ्या वहीत बाई दर आठवड्याला
एकच शब्द खोडतात.
व्हेन लिहिलं की माझ्या हातून पुढे देन येतंच.
काय करू? आमच्यात
जो निघाला की तो दारात चप्पल घालून तयार.
जर बोलला की तर हुंकार देणारच.
जेव्हाला एकटं सोडायचं
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
"इंग्रजीत एकच पुरे, कुमुदिनी."

एकच पुरे.

गृहपाठाला पाच वाक्यं होती. चार केली.
पाचवं असं :
जेव्हा हॉस्पिटलातून फोन आला,

बाईंनी पेन्सिल टेकवली. मुख्य वाक्य कुठंय,
असं विचारणार होत्या बहुतेक.
बाहेर बोगदानची बस
रिकामीच, दिवे लावून उभी.
बराच वेळ वही बघून म्हणाल्या,
स्वल्पविराम मात्र
अगदी बरोबर जागी आहे.