घरातील माणसांची संख्या

व्हर्बीना वॅपॅटो समोरच्या खुर्चीत बसते,
डोक्याचा रुमाल सोडून घडी घालते,
मग म्हणते, हं, विचार.
मी विचारते. त्याचा मला पगार मिळतो.

तेराव्या वर्षी हिच्याच ओट्याशी मी
साल्मनचे काटे काढायला शिकले.
आज विचारते, पूर्ण नाव, जन्मतारीख,
जमातीच्या यादीत नोंद आहे का.
ती सगळं सांगते, नव्यानं ओळख झाल्यासारखं.
मध्येच एकदा, तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?
त्याला रकाना नाही.

राहण्याचं ठिकाण हद्दीत की हद्दीबाहेर?
ट्रेलर हद्दीत आहे, त्याची पायरी नाही.
कोलंबियाकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा
काउंटीनं पायरीपर्यंत जमीन घेतली.
मी लिहिते, हद्दीत.
पायरीवर कोणी झोपत नाही.

गाडी? एक.
चालते का?
उतारावर.

मुळं खणणं हल्ली कामाच्या तासांत धरतात,
सांस्कृतिक उपक्रम या नावाखाली,
आठवड्याला दहा तासांपर्यंत, पर्यवेक्षकाच्या सहीनिशी.
ती हसते.
डोंगर ये म्हणतो तेव्हा जायचं,
पुरे म्हणतो तेव्हा उतरायचं.
त्याची सही चालेल का?
माझी चालेल, मी म्हणते.

आता ते, जे मी सकाळपासून पुढे ढकलते आहे.

मदत साठ महिने. सबंध आयुष्यात साठ.
पण जिथे निम्मी मोठी माणसं बेकार
तिथले महिने मोजायचे नाहीत, असं एक पोटकलम आहे.
अकरा वर्षं आमचे महिने कोणी मोजले नाहीत.
घड्याळ बंद होतं, आणि आम्ही त्याला
नशीब म्हणायचो.
यंदा मत्स्यबीज केंद्रात सात जण लागले,
पेट्रोलपंपावर चार,
या कार्यालयात एक.
आकडा एकोणपन्नास पूर्णांक आठवर उतरला.
एक तारखेपासून घड्याळ चालू.

कार्यालयातली ती एक, मी.

तिला गणित कळलं.
चांगलं झालं, म्हणाली, तुला लागली ते.

मी आवाज खाली आणते.
तू स्वतःला वगळ, फक्त लीलंडचा अर्ज कर.
पैसे कमी येतील, पण पोराला घड्याळ लागत नाही.
म्हणजे घरात माणसं किती?
एक.
वय?
सहा.
आणि त्याला शाळेत सोडतं कोण?
ते विचारलेलं नाही.

ती बराच वेळ कागदाकडे बघते.
अर्जदाराचं मुलाशी नातं.
मुलाचं अर्जदाराशी नातं.
आमच्या भाषेत आईच्या आईला जो शब्द
तोच तिच्या लेकीच्या लेकराला.
ती त्याला त्याच हाकेनं उठवते,
तो तिला त्याच हाकेनं शोधतो.
दोन्ही रकान्यांत ती तो एकच शब्द लिहिते,
शाळकरी पोरीसारखं अक्षर जपत,
आणि पेन माझ्याकडे सरकवते.
यातला कुठला वगळायचा तो वगळ.
तुझं काम आहे.

जाताना ब्रेडच्या पिशवीत वाळलेली मुळं
टेबलावर ठेवून गेली.
पंचवीस डॉलरांवरची भेट नोंदवायची, असा आम्हाला नियम.
मी पिशवी हातावर तोलून बघते.

बाहेर तिची गाडी सुरू होत नाहीये.
आमच्या आवारात उतार नाही.
मी कोट घेते.