दोन डबे

मार्च लागला की सुईणीसारखी मी झाडांना हात लावत फिरायची.
वाकसाने साल काढायची, वीतभर, त्याहून जास्त नाही,
खाली पिशवी बांधायची
आणि निघायचं पुढच्या पाइनकडे.
एव्हिया बेटाच्या उत्तर उतारावर
माझ्या नावावर दोन हजार आठशे जखमा होत्या,
आणि एकही झाड माझ्यावर रागावलेलं नव्हतं.

संध्याकाळी थ्रासिव्हुलोस यायचा.
कस्टममधून निवृत्त, एक शेळी, एक कान बहिरा.
राळेचे दोन रिकामे डबे त्यानेच ठेवले होते माझ्या दारात.
"असिमिना, चल, दिवसाची झडती घेऊ," म्हणायचा.
हयातभर लोकांच्या पेट्या उघडून पाहिलेला माणूस.
एका डब्यात माझं. दुसऱ्यात माझं नसलेलं.
खडे टाकायचे.
राळेचा भाव पडला, दुसऱ्यात.
वाकसाची धार बोथट राहिली, पहिल्यात.
मुलगा श्टुटगार्टहून फोन करत नाही, दुसऱ्यात.
मागच्या ईस्टरला मी त्याला जे बोलले
तो खडा बराच वेळ हातातच राहिला.
"पहिल्यात," थ्रासिव्हुलोस म्हणाला,
जणू बहिऱ्या कानानेच ऐकलं.

सांगायचा, फार पूर्वी अथेन्सच्या बाजारात
एका चितारलेल्या ओसरीत काही माणसं जमायची
आणि हेच बोलायची.
"भाड्याची खोली परवडत नव्हती का त्यांना?" मी विचारलं.
तो इतका हसला
की शेळी चघळायची थांबली.

मग तो ऑगस्ट.
पहिल्या दिवशी धूर डोंगरापलीकडे होता, म्हणजे दुसऱ्यांचा.
तिसऱ्या दिवशी वारा फिरला.
राळेचं झाड जळत नाही, फुटतं.
आम्ही किनाऱ्यावर, ओले टॉवेल तोंडाला लावून
फेरीबोटीची फळी खाली येण्याची वाट बघत;
त्या लाल आभाळाखाली सगळ्यांचे चेहरे एकाच वयाचे.
मी त्याच्यावर ओरडले,
"बोल आता! हे कुठल्या डब्यात टाकू?
एवढा मोठा डबा आहे तुझ्याकडे?"
तो बोलला नाही.
गुडघे लटपटत होते त्याचे, मी पाहिले.
लटपटत्या गुडघ्यांनीच त्याने
एका अनोळखी बाईचं बाळ धरलं, तिला चढता यावं म्हणून,
मग तिची म्हातारी, मग कुणाचा तरी पिंजरा, पक्ष्यासकट.
शेवटी स्वतः.
शेळी राहिली.

बोटीत तो रडला.
"तूसुद्धा?" मी म्हटलं.
"रडायचं नाही असं कोण म्हणालं?" नाक पुसत तो म्हणाला,
"पाणी डोळ्यांचं आहे, येऊ दे.
मी फक्त बघतोय, ते सुकाणूला हात लावत नाही ना."

परतलो. घर होतं. डोंगर नव्हता.
नव्या पाइनला राळ यायला तीस वर्षं लागतात.
मी एकसष्टची.
ही बेरीज मला रोज रात्री तीनला यायची, बिनचूक.

आता वनखातं रोजंदारी देतं:
जळके ओंडके उतारावर आडवे रचायचे,
पावसाने माती समुद्रात नेऊ नये म्हणून.
पहिल्याच हिवाळ्यात निम्मे वाहून गेले.
पुन्हा रचले.
यात थोर काही नाही. पाठ दुखते.

थ्रासिव्हुलोस फेब्रुवारीत गेला, झोपेत.
त्या रात्री मी डबे बाहेर काढले नाहीत.
पुढचे कितीतरी दिवस नाहीत.
मग एकदा श्टुटगार्टला मीच फोन लावला.
वाजत राहिला. वाजत राहिला.
लावला, हा खडा पहिल्यात.
उचलला नाही, हा दुसऱ्यात.
दोन्हीकडे पडताना आवाज सारखाच येतो,
हे मला त्याने सांगितलं नव्हतं.

काल ओंडक्याच्या आडोशाला
करंगळीएवढी रोपं दिसली,
आगीच्या धगीनेच उघडलेल्या शंकूंतून सांडलेली.
मोजायला बसले. एकशे चौदापर्यंत गेले
आणि माझी लबाडी मला कळली.
मी रोपं नाही, राळ मोजत होते.

उठले. घरी येऊन वाकस काढला, पाणी शिंपडलं दगडावर.
सोलायला काही नाही.
पण संध्याकाळ झाली होती,
आणि ही धार लावायची वेळ.