वज्रीचा चंद्र

चौऱ्याऐंशी साली रोमहून माणसं आली.
दोन ट्रक, एक कॅमेरा,
आणि पैसे संपत आलेला निर्माता.
त्यांना चंद्र हवा होता.
आमच्या लिपारी बेटावर तो आयताच पडलेला:
वज्रीची खाण, तोच दगड, ज्याने तुम्ही टाचा घासता,
भर दुपारी डोळे मिटायला लावणारी पांढरी,
आणि पायथ्याशी समुद्र.
समुद्र तेवढा फ्रेममध्ये येऊ द्यायचा नव्हता.
दोनदा आलाच.

सिनेमा वाईट आहे. मीच सांगते,
नाहीतर तुम्ही सांगाल.
अंतराळयान म्हणजे क्रोचिफिस्सामावशीचं कॉफीचं भांडं,
चंदेरी रंग फासून मासेमारीच्या दोऱ्याला टांगलेलं.
दोरा दिसतो. नीट पाहिलं तर गाठही दिसते,
पण ती कोळ्याची गाठ आहे, सुटायची नाही,
म्हणून यान उल्कांमध्ये सापडतं तेव्हा
आमच्यापैकी कुणीच घाबरत नाही.

संगणक भिंतीएवढा, दिवे तीन.
लाल लागला की संकट, हिरवा लागला की प्रेम,
पिवळ्याचं काय ते दिग्दर्शकालाही ठाऊक नव्हतं.
राक्षसाच्या पाठीला चेन,
मनगटावर घड्याळ, त्यात पावणेबारा.
जेवणाची सुट्टी बाराला,
त्यामुळे तो एवढ्या घाईने मरतो.
शेवटच्या लढाईत मागून एक कोंबडी जाते.
ती कुणाची, यावरून दोन घरांत अजून बोलणं नाही.

आणि सेनापती झोरा! हिरवे केस, उंच टाचा,
ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच.
तीच ती, एका हाताने
बैलाएवढा धोंडा डोक्यावर उचलते नि भिरकावते.
रोममध्ये लोक खुर्च्यांवरून पडले हसून.
एका पेपराने लिहिलं, थर्मोकोल तरी बरा आणायचा.
तो खरा दगड होता हो.
सगळ्या सिनेमात तेवढाच एक खरा.
पाण्यात टाका, तरंगतो.
आम्ही पेपरवाल्यांना एक तुकडा पाठवला पोस्टाने.
उत्तर आलं नाही.

अंतराळवीर म्हणून खाणीतलेच मजूर घेतले,
दिवसाची मजुरी दीडपट.
डावीकडून तिसरे माझे पप्पा.
एक्केचाळिसाव्या मिनिटाला ते मरतात, छातीवर हात, अगदी झोकात.
माणसं कमी पडली म्हणून चव्वेचाळिसाव्याला पुन्हा पळताना दिसतात,
बावन्नाव्याला परत मरतात,
आणि झोराच्या लग्नात मागच्या रांगेत टाळ्या वाजवतात.

डोक्यावर माशाच्या काचेचं गोल भांडं.
पप्पा म्हणायचे, त्या दोन आठवड्यांत
नाकात धूळ गेली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.
एरवी रुमाल बांधायचे,
संध्याकाळी तो झटकला की अंगणात ढग.

सिनेमात त्यांचा श्वास ऐकू येतो,
जाड, घरघरता, यंत्रातून आल्यासारखा.
तो त्यांचा नव्हता.
रोममधल्या एका खोलीत कुणी भाडोत्री माणसाने
माईकपाशी तोंड नेऊन काढलेला.
अकरा वर्षांनी पलीकडच्या खोलीतून
रात्रभर तसाच आवाज यायला लागला.
गास्पारे लहान होता, झोपेत उठून म्हणाला,
सिनेमा लागलाय का?
कुणी त्याला ओरडलं नाही.

गोष्ट घडते दोन हजार तीन साली, दूरच्या भविष्यात.
ते साल आलं, गेलं,
त्या वर्षी आमच्या गल्लीत नवा नळ बसला.

आता दर ऑगस्टला शाळेच्या भिंतीवर चादर लावतो.
वारा आला की चंद्राला पोट सुटतं.
सगळ्यांना सगळं पाठ:
कोंबडीला शिट्ट्या, धोंड्याला उभं राहून मानवंदना,
एक्केचाळिसाव्या मिनिटाला एकदम शांतता,
आणि चव्वेचाळिसाव्याला ते पळत येतात तेव्हा
अख्खी गल्ली ओरडते: बार्तोलो!

आई ओरडत नाही.
तिच्या मांडीवर मावशीचं तेच भांडं,
चंदेरी रंग अजून नखाला लागतो.
पप्पा काचेआडून धापा टाकत पडद्यावरून पळतात,
एका बुटाची नाडी सुटलेली.
आई दरवर्षी पुढे वाकते
आणि हळूच म्हणते,
नाडी बांध आधी. पडशील.