जकातीचा रकाना

दिब्बाच्या मागे, डोंगरात, हैल सिद्र नावाची वस्ती.
अकरा घरं, एक विहीर, बाकी खजूर आणि शेळ्या.
साल पंचावन्न. लँडरोव्हर तिथवर चढेना;
साहेब गाढवावर, मागून मी चालत,
काखेत नोंदवही.

व्हिटकोम साहेबाकडे एकच प्रश्न होता, गावोगाव तोच:
जकात कोणाला देता?
ज्याला देता तो तुमचा शेख.
शेखाचा जो रंग, त्या रंगात तुमचं गाव.
पेन्सिली सात होत्या. निळी झिजून आखूड झालेली.

मी वेंगुर्ल्याचा. जकात म्हणजे
नाक्यावरचा आडवा बांबू,
आंब्याच्या पेटीमागे दोन आणे,
पावती नको असेल तर एक.
हद्द, मुलूख, मालक, हिशेब
आमच्याकडे नांदायला आलेले हे शब्द
इथे आपल्या माहेरी
डोक्यावरचा पदर टाकून हिंडत होते.
मला वाटलं, ओळखतो मी यांना.

सुवैदान म्हातारा विहिरीपाशी दोर वळत होता.
मान वर केली नाही.
जकात? म्हणाला,
ओढ्यापलीकडच्या शम्साला.
नवरा मोत्यांच्या मागे बुडाला तिचा.
दोन टोपल्या खजूर, यंदा एक करडूही.

साहेब म्हणाला, शेख कोण ते विचार.
माझं अरबी बाजारातलं. तरी विचारलं.
शम्सा शेख नाही,
त्याने मला समजावलं, सावकाश,
खुळ्या पोराला सांगावं तसं.

वहीत रकाने पाच.
विधवेचा त्यांत एकही नव्हता.
ऊन चढत होतं, साहेबाने घड्याळ पाहिलं.
कोरडा ओढा बराचसा सरळ होता,
ओढ्यातूनच रेघ गेली.
अलीकडे निळा, पलीकडे पिवळा.
गेली म्हणजे मीच मारली. दौत माझी होती.

आमच्याकडे कोणी रात्रीत बांध कोरतो,
वीतभर.
सकाळी शिव्या, मग कोर्ट,
तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.
पण कोरणारा कोण, ते वाडीला ठाऊक असतं.
इथे दोन मैल गेले जेवणाआधी,
आणि म्हाताऱ्याने आम्हांलाच ताक दिलं. आंबट होतं.
मी दोन वाडगे प्यालो.

संध्याकाळी तंबूत पगार. एकशे दहा रुपये,
नाशकात छापलेल्या कोऱ्या नोटा.
आपल्याकडचा साहेब जाऊन आठ वर्षं झाली होती.
थुंकी लावून मोजून घेतल्या.

साठ साली टपालाच्या कामाने पुन्हा तिकडे गेलो.
सुवैदान उरला नव्हता.
ओढ्यात एक पिंप, पिंपावर बसलेला शिपाई,
समोर त्याची नात, खांद्यावर करडू.
कोणाचं? शिपायाने विचारलं.
शम्साचं.
त्याच्या मांडीवर वही होती, रकाने पाच.
करडामागे आठ आणे, तो म्हणाला, जकात.

पोरीने पदराची गाठ सोडली.
पावती तिने मागितली नाही.